मूळ प्रत कुठली?

संगणकावर गाण्यांचा प्रोग्रॅम उघडला की डावीकडे गायकांची यादी, मधे अल्बम, वर मुखपृष्ठाची चित्रं असा सगळा नीटनेटका संसार दिसतो. ती नुसती यादी असते. गाणी भलतीकडेच पडलेली असतात. काही डाउनलोड्समध्ये, काही डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये, काही अशा पेनड्राइव्हवर की जो आत्ता संगणकाला लावलेलाच नाही. गाण्यावर क्लिक करावं आणि शेजारी उद्गारचिन्ह उमटावं, तेव्हा कुठे आपल्याला पत्ता लागतो. म्हणून ‘गाणी नीट लावायची आहेत, कुठला प्रोग्रॅम घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमची मूळ प्रत कुठे आहे? ती बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. ही डिस्क, हा फोल्डर. ते जमत नसेल तर प्रोग्रॅम कुठलाही घ्या, काही फरक पडत नाही.

हल्ली यावर उत्तर येतं, की फाइली ठेवायच्याच कशाला, सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं, तोवर मिळतं. विंक ही गाण्यांची सेवा २०२४ साली बंद झाली, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या वाऱ्यावर गेल्या. आणि आमच्या घरी जे आहे ते कुठल्याच सेवेवर नाही. सासऱ्यांना ध्वनिमुद्रणाचा नाद होता. रेडिओवरच्या संगीत सभा, ओळखीच्यांच्या वाड्यातल्या मैफली, गणेशोत्सवातली गाणी असं सगळं त्यांनी कॅसेटवर उतरवून ठेवलं. त्यातल्या बऱ्याच नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. द्रुत रंगात आलेली असताना बाजू संपते आणि खट्ट आवाज येतो. आमच्या यजमानांनी या कॅसेटी ऑडॅसिटी या प्रोग्रॅमने संगणकावर उतरवल्या, दोन बाजू जमतील तिथे जोडल्या आणि टेप अगदीच झिजल्या होत्या म्हणून नंतर काढून टाकल्या. त्यामुळे संगणकावरची फाइल हीच आता एकमेव.

या फाइली तीन ठिकाणी होत्या. घरचा संगणक, मुलाचा लॅपटॉप आणि बाहेरून लावायची हार्ड डिस्क. तिन्ही जागा एका सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमने बांधलेल्या. एकीकडे नवं गाणं आलं की दुसरीकडे आपोआप जायचं, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत. मग मुलाला लॅपटॉपवर जागा कमी पडली. ‘मेन कॉम्प्युटरवर आहेच की,’ म्हणून त्याने त्याच्याकडचा जुन्या कॅसेटींचा फोल्डर उडवला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण दुहेरी सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या करणं एवढंच असतं, आणि पुसणं हाही त्याच्या लेखी एक बदलच. संध्याकाळी घरच्या संगणकावरचा फोल्डर गेला. रात्री ठरल्या वेळी हार्ड डिस्कवरचाही गेला. तीन प्रतींनी एकमेकींशी इमान राखलं. लक्षात आलं तोवर त्या मोकळ्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं होतं.

वाचलं ते एका आयपॉडमुळे. कपाटात पडलेला, बरीच वर्षं चार्ज न केलेला. असा जुना आयपॉड हाती आला तर एक पथ्य पाळा. तो एका संगणकावरच्या एकाच लायब्ररीशी जोडलेला असतो. दुसऱ्या संगणकाला लावलात की आयट्यून्स विचारतं, यातलं सगळं मिटवून इथलं भरू का? तिथे घाईत ‘हो’ म्हटलंत की संपलं. आधी प्रोग्रॅममधलं आपोआप सिंक बंद करा, मग आयपॉड लावा, आणि तो साधी डिस्क म्हणून उघडा. गाणी पटकन दिसणार नाहीत, कारण ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू केला की एफ००, एफ०१ अशी पोटफोल्डरं दिसतात आणि त्यांत चार-चार रोमन अक्षरांची निरर्थक नावं घेतलेल्या फाइली. कुठलं गाणं कुठलं, नावावरून काही कळत नाही.

इथे टॅगची किंमत कळते. एमपी३ फाइलच्या आतच गाण्याचं नाव, गायक, अल्बम, क्रमांक लिहिण्याची सोय असते. भांड्यावर नाव घातलेलं असलं की पंगतीनंतर ते कुणाच्याही घरी गेलं तरी परत येतं, तसंच हे. फाइलचं बाहेरचं नाव पुसलं गेलं तरी आतलं राहतं, आणि एमपी३टॅगसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यावरून शेकडो फाइलींना एका फटक्यात पुन्हा नावं देतो. पण आमच्याकडे झालं असं, की दुकानातून आणलेल्या सीड्यांना टॅग होते, कारण सीडी उतरवताना प्रोग्रॅम इंटरनेटवरून नावं आणून भरतो. ती गाणी लगेच ओळखू आली, आणि तीच पुन्हा विकत मिळण्यासारखी होती. सासऱ्यांच्या कॅसेटींना टॅग कोण घालणार? त्या सगळ्या ‘ट्रॅक ०१’. एकेक ऐकत, राग ओळखत, मागच्या खोकल्यावरून आणि ‘वाहवा’वरून मैफल कुठली ते ताडत बसावं लागलं. काही अजून लागलेल्या नाहीत. पिकार्ड नावाचा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो खरा, पण प्रसिद्ध झालेलं गाणं. वाड्यातली मैफल त्याला कुठून माहीत असणार?

तेव्हापासून घरात नियम असा. मूळ प्रत एकच, घरच्या संगणकावर. फोन, लॅपटॉप, गाडीतला पेनड्राइव्ह, खिशातला प्लेअर या सगळ्या नकला. गाणी मुळाकडून नकलेकडे जातात, उलटी येत नाहीत. नकलेवर काहीही पुसा, मुळाला कळता कामा नये. सिंकच्या प्रोग्रॅममध्ये ‘दोन्ही बाजू’ आणि ‘एकाच दिशेने’ असे वेगळे पर्याय असतात, त्यांतला दुसरा घ्यायचा. एकतर्फी सिंकमध्येही ‘मिरर’ हा प्रकार मुळातलं पुसलेलं पलीकडेही पुसतो, म्हणून पुसलेल्या फाइली लगेच नष्ट न करता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय सुरू करायची. फ्रीफाइलसिंकमध्ये ती आहे, सिंकथिंगमध्येही आहे. शिवाय एक हार्ड डिस्क अशी, जी एरवी कशालाच जोडलेली नसते. आमची नाशिकला नणंदेकडे असते. दिवाळीला जाताना नवी भरून न्यायची, जुनी परत आणायची. जोडलेली डिस्क व्हायरसलाही सापडते आणि विजेच्या झटक्यालाही. डिस्क आणली की तिच्यावरची दोन-चार गाणी उघडून ऐकतो. यादी दिसते म्हणजे फाइल धड आहे असं नसतं.

आता टॅग कसे लिहायचे, कारण खरी मेहनत तिथेच आहे. संगणकाला ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. एकजण ‘भ’मध्ये बसतो, दोघे ‘प’मध्ये, आणि प्लेअरवर शोधायला जावं तर हवा तो मारवा नेमका तिसऱ्याकडे. पंडित, विदुषी, गानसरस्वती या उपाध्या मी गायकाच्या रकान्यातून सरसकट काढल्या. आदर मनात असावा, रकान्यात नाव असावं. ख्यालाला गाण्याचं नाव देताना आधी राग, मग बंदिशीची सुरुवात, मग ताल. म्हणजे यादी आपोआप रागवार लागते. साथीदार, ठिकाण, साल हे शेऱ्याच्या रकान्यात. टॅगचा १९९६चा पहिला प्रकार फाइलच्या शेपटाला जेमतेम १२८ बाइटांत मावायचा, गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, आणि देवनागरीची सोय नाही. जुन्या फाइलींत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात ती बहुधा यामुळेच. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये आयडी३ आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ हे निवडलं की देवनागरी नीट बसते आणि बहुतेक प्लेअर ते वाचतात.

टॅग देवनागरीत, पण फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये. हे मराठीच्या अभिमान्यांना आवडणार नाही. कारण ऐका. पुलंच्या ‘वाऱ्यावरची वरात’चं ध्वनिमुद्रण आमच्याकडे एकाच फोल्डरमध्ये दोनदा दिसायचं. नाव अक्षरन् अक्षर तेच. एक पुसलं की सिंकनंतर पुन्हा हजर. गोम होती ‘ऱ्या’मध्ये. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर तो खास ‘ऱ’ला य जोडून येतो, तर दुसऱ्यावर साध्या ‘र’नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून. मॅकची जुनी फाइलव्यवस्था तर त्या ‘ऱ’चेही र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवते. डोळ्याला सगळं एकच, संगणकाला वेगवेगळं. टॅगमध्ये हा घोळ झाला तर फार तर शोधताना अडेल. फाइलच्या नावात झाला तर सिंक गोंधळतं.

क्रमांक टाकायला आळस करू नका. ‘गीतरामायण’ १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलं, गाणी ५६, आणि ती कथेच्या ओघात लागली तरच अर्थ. फाइलींना नुसतं १, २, ३ दिलंत तर बरेच प्लेअर १ नंतर १०, ११ लावतात आणि रामजन्माआधीच कथा पुढे पळते. ०१, ०२ असं लिहायचं. नाट्यगीतांच्या संचात प्रत्येक पदाचा गायक वेगळा असला की एका अल्बमचे प्लेअरवर दहा तुकडे होतात. त्यासाठी ‘अल्बम आर्टिस्ट’ असा वेगळा रकाना असतो, तिथे सगळ्यांना सारखंच काहीतरी लिहा. मी ‘विविध गायक’ लिहिते.

फाइलीच्या प्रकाराबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्ये, नकला एमपी३मध्ये. सीडीच्या दर्जाचं तासभराचं गाणं जसंच्या तसं ठेवलं तर ६३५ एमबी होतं, फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही न गमावता साधारण निम्मं ते दोनतृतीयांश, ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये १४४. एमपी३वरून पुन्हा एमपी३ करू नये, दर वेळी काहीतरी झडतं. आणि एमपी३चं फ्लॅक केल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त डिस्क भरते. जुन्या डब्ल्यूएमए फाइली असतील तर त्या आजच दुसऱ्या संगणकावर वाजवून बघा. विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्त्यांत सीडी उतरवताना कॉपी-संरक्षणाची खूण असायची. ती राहिली असेल तर फाइलचा परवाना त्या एकाच संगणकावर असतो आणि तो फॉरमॅट झाला की गाणं असून मुकं.

राहिलं गाडीचं. गाडीतले बरेच स्टीरिओ एनटीएफएस वाचत नाहीत, पेनड्राइव्ह फॅट३२ करून घ्यावा लागतो. तरीही गाणी उलटसुलट वाजतात, कारण स्टीरिओ नावाप्रमाणे न लावता ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतो. अल्बम एकेक करून ओळीने कॉपी करा, नाहीतर फॅटसॉर्टसारखा प्रोग्रॅम एकदा फिरवा.

प्लेअरसाठी मेमरी कार्ड घेताना, ५१२ जीबीचं कार्ड अगदीच किरकोळ किमतीत मिळत असेल तर ते ५१२चं नसतं. आत ३२ किंवा ६४ जीबी असतात आणि कार्ड संगणकाला खोटी क्षमता सांगतं. तेवढी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत, नंतरच्या फाइलींची नावं यादीत दिसतात पण वाजवायला गेलं की शांतता. एच२टेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून ठेवावं. सकाळी नापास दिसलं तर बिल घेऊन दुकान उघडल्या उघडल्या जावं, आणि तोवर त्यावर एकही गाणं टाकू नये.