चिंतेची गोळी उतरवायची, तर खर्च किती?

मधुमेह, रक्तदाब किंवा दमा सांभाळणाऱ्या अनेकांच्या औषधांच्या डब्यात रात्रीची एक गोळी वर्षानुवर्षं असते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, नाहीतर एटिझोलाम. ती सोडायची ठरवली की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. गोळी स्वस्तच असते. पैसे लागतात ते डॉक्टरांच्या भेटींना, समुपदेशनाला आणि मूळ आजारावर लक्ष ठेवायला. हा खर्च वाचवण्यासाठी गोळी एकदम बंद करू नका. तसं केल्यास फिट येऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं.

किती महिने धरायचे?

अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये एकत्रितपणे दिलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के डोस कमी करावा. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त घट करू नये. अनेक वर्षं गोळी घेणाऱ्यांनी म्हणूनच वर्षभराची तयारी ठेवावी. त्रास वाढला तर त्याच डोसवर काही आठवडे थांबावं लागतं. शेवटचे टप्पे बहुधा सर्वांत सावकाश उतरवावे लागतात.

खासगीत अंदाजे हिशेब

शहरातला रुग्ण, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, कालावधी १० महिने. खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तिथे तुमच्या गावातले दर घाला.

- मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट: १,५०० रुपये
- नंतरच्या ९ भेटी, प्रत्येकी १,०००: ९,००० रुपये
- समुपदेशनाची ८ सत्रं, प्रत्येकी १,२००: ९,६०० रुपये
- साखर तपासायच्या १०० जादा पट्ट्या, प्रत्येकी २०: २,००० रुपये
- घरचं बीपी मशीन: २,००० रुपये
- रक्ततपासण्या: १,५०० रुपये
- गोळ्या: १,५०० रुपये

एकूण २७,१०० रुपये. म्हणजे महिन्याला साधारण २,७००.

कुठे कात्री लावू नये

साखरेच्या पट्ट्यांवर तर मुळीच नको. डोस उतरताना घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. साखर खाली गेली तरी हेच होतं. त्रास नेमका कशाचा, हे त्या क्षणी तपासल्याशिवाय कळत नाही. थायरॉईडच्या रुग्णांनी टीएसएच चाचणी आधीच करून घ्यावी, कारण तिथेही धडधड असते. डोस कमी केल्यावर रक्तदाब वर जाऊ शकतो. त्याची रोजची नोंद वहीत ठेवा आणि ती वही मनोविकारतज्ज्ञ आणि मूळ आजाराचे डॉक्टर या दोघांनाही दाखवा.

इतर औषधंही यात गुंतलेली असतात. रक्तदाबावरचं डिल्टियाझेम आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ते कमी करतं. मधेच असं औषध सुरू किंवा बंद झालं, तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच कळवा. क्लोनाझेपाम फिटसाठी दिलेलं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांशिवाय एक कणही कमी करू नका.

गोळीचं पाकीट नीट वाचा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम किंवा प्रोप्रॅनोलॉल आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. अशी गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात. हृदयरुग्णाचं प्रोप्रॅनोलॉल एकदम घटणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना सांगून दोन्ही औषधं वेगळी लिहून घ्या. ०.२५ मिलिग्रॅमची साधी गोळी मागा. गोळी कापायचं लहान यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कापू नयेत.

कुठे खरोखर वाचतं

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, ते आधी विचारून घ्या. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जायला संकोच नको, कारण तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. प्रवास आणि बुडणारा रोज मात्र हिशेबात धरा. मधुमेहाची तपासणी आणि ही भेट एकाच दिवशी जमवली तर एक खेप वाचते.

मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या, तर त्या बचतीतून समुपदेशनाचा काही खर्च निघू शकतो. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव नोंदवावं लागतं. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळवत राहिलात तर फी वाचेल, पण डोस उतरवायला कुणी सोबत नसेल.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. बाह्यरुग्ण भेटींचे पैसे मात्र पॉलिसीत तशी तरतूद असेल तरच मिळतात.

मदत कधी मागायची

फिट, भ्रम किंवा शुद्ध हरपणं दिसलं तर १०८ ला फोन करा. जीव नकोसा वाटला, रात्री फार घाबरं झालं, तर टेलीमानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं.

पहिल्या भेटीला सगळ्या औषधांची यादी, शेवटचे रिपोर्ट आणि तुमचं मासिक बजेट घेऊन जा. दर महिन्याला भेट परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. भेटींमधलं अंतर आणि उतरण्याचा वेग डॉक्टर त्या हिशेबाने बसवू शकतात. डोस निम्म्यावर आणून तिथेच थांबावं लागलं, तरी पडण्याचा धोका आणि दिवसभराची गुंगी कमी होते. तेवढं साधलं तरी पैसे वाया गेले असं समजू नका.