बोटीच्या इंजिनाला कॅमशाफ्ट कोणता घालावा?

खोपोली-खालापूरच्या गॅरेजांना बोरघाटात चढणाऱ्या ट्रकांनी बरीच वर्षे काम पुरवले. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरची पुष्कळशी वाहतूक तिकडे वळली. डिझेल इंजिनावर हात बसलेल्या कारागिराला नवे गिऱ्हाईक हवे असेल तर एक वाट पेणकडे जाते. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या मासेमारी बोटी आहेत. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यंत्रबोटींची मासेमारी बंद असते. इंजिन उघडायला नाखव्याला हीच सवड.

ट्रकच्या मिस्त्रीला हे काम परके नाही. अशोक लेलँड, किर्लोस्कर यांनी बोटीसाठीही डिझेल इंजिने बनवली आहेत आणि आतील रचना ओळखीची असते. पण ओळखीमुळेच गफलत होते, आणि ती कॅमशाफ्ट बदलताना हमखास होते. ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. बोट भरतीच्या ओढीने खडकावर जाते.

प्रथम कामाचा भार पाहावा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला 1800 फेरे करत असेल तर प्रत्येक वाल्व्ह मिनिटाला 900 वेळा, म्हणजे तासाला 54,000 वेळा उघडतो. दहा तासांच्या फेरीत हा आकडा 5,40,000 होतो. ट्रकला उतार मिळतो, सिग्नलला विसावा मिळतो. समुद्रात उतार नाही. पंखा पाणी कापत असतो तोवर इंजिनावर वजन असतेच.

म्हणून जुना शाफ्ट बाहेर काढल्यावर तो का झिजला, हे आधी शोधावे. एकच कॅम खाल्ला असेल तर त्याच्या टॅपेटकडे, स्प्रिंगकडे व टॅपेटच्या गाळ्याकडे पाहावे. सगळेच कॅम खाल्ले असतील तर तेलात दोष आहे. बोटीच्या इंजिनात तेल दुधाळ झालेले दिसले तर पाणी शिरले आहे, मग ते हेडच्या गॅस्केटमधून असो वा पाण्याच्या पंपाकडून. ते बंद केल्याशिवाय नवा शाफ्ट घालणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा समुद्रात टाकणे होय. पावसाळ्यात इंजिन बंद पडून राहिल्याने कॅमवर गंजाचे बारीक खड्डेही पडतात. टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा टॅपेटचा तळ खरवडायला पुरतो.

झीज डोळ्यांनी ठरवू नये, मायक्रोमीटर लावावा. समजा, कॅमची टोकापासून टाचेपर्यंतची उंची 46.20 मि.मी. आणि गोल भागाचा व्यास 38.50 मि.मी. आहे, तर उचल 7.70 मि.मी. झाली. झिजून ती 7.10 राहिली आणि रॉकरचे प्रमाण दीडपट असेल, तर वाल्व्ह 0.90 मि.मी. कमी उघडतो. हवा कमी, धूर काळा आणि डिझेलचा खर्च जास्त! पुष्कळ वेळा अशा इंजिनाचा नोझल-पंप दोन-दोनदा दुरुस्त होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आता निवड. दुकानात इंजिनाचे नुसते नाव सांगून शाफ्ट मागू नये. इंजिनावरील पट्टीचा संपूर्ण नंबर व जुन्या शाफ्टवरील आकडे लिहून घ्यावेत, आणि शक्य तर जुना शाफ्टच सोबत न्यावा. टर्बोच्या आणि बिनटर्बोच्या इंजिनाचा ब्लॉक सारखा असू शकतो. अशा वेळी शाफ्ट बुशात बरोबर बसतो, गिअरही जुळतो, पण वाल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळा निराळ्या निघतात. लहान एक-दोन सिलिंडरच्या कित्येक इंजिनांत डिझेल पंपाचा कॅमही याच शाफ्टवर असतो. तेथे चुकीचा शाफ्ट म्हणजे डिझेल फवारण्याची वेळही चुकली. दोन इंजिनांच्या लाँचमध्ये एखादे उलटे फिरणारे असू शकते, तेव्हा फिरण्याची दिशा आधी पाहून ठेवावी.

पेट्रोलच्या स्पीडबोटीबद्दल एवढेच, की मोटारीच्या शौकिनांचा ‘गरम’ कॅम तिला घालू नये. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही वाल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, आणि ज्या बोटीच्या धुराड्यात पाणी सोडलेले असते तिच्यात ते खारे पाणी मंद वेगावर मागे सिलिंडरात ओढले जाऊ शकते.

नव्याऐवजी ग्राइंडिंग केलेला शाफ्ट स्वस्त पडतो. कॅमचा कडक थर पातळ असतो; तो घासून गेला तर खालचे मऊ लोखंड लवकर झिजते. शिवाय गोल भाग लहान झाल्याने टॅपेट खाली बसतो आणि कधी रॉकरचा स्क्रू पुरत नाही. मुंबईच्या दारूखान्यात जहाजांचे जुने सामान मिळते. कुर्ल्याला हार्बर गाडी बदलून रे रोडला उतरले की जवळच. तेथे जाण्यास हरकत नाही, पण मायक्रोमीटर खिशात असू द्यावा. आणि जुना अथवा घासलेला शाफ्ट घातला तर बिलावर तसे लिहावे. नाखव्याने जाणून घेतलेला स्वस्त माल हा त्याचा निर्णय आहे. न सांगता घातलेला माल ही आपली फसवणूक ठरते.

सपाट तळाचे टॅपेट असतील तर नव्या शाफ्टवर नवेच घालावेत. जुना टॅपेट जुन्या कॅमशी घासून जमलेला असतो, नव्यावर तो नीट फिरत नाही. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. जुनाच शाफ्ट परत बसवायचा असेल तर प्रत्येक टॅपेट आपापल्या भोकात जावा.

बांधून झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. डिझेलमध्ये पिस्टन आणि वाल्व्ह यांच्यातले अंतर फार थोडे असते. कोठे अडले तर जोर न लावता टायमिंगच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. कॅमला खास लेप लावून, तेलाचा दाब आणून मगच इंजिन सुरू करावे. पहिली वीस मिनिटे मंद वेगावर ठेवू नये; कंपनीच्या पुस्तकाने वेगळे सांगितले नसेल तर मध्यम वेग बरा. आपल्या गॅरेजात समुद्र नाही, म्हणून खाऱ्या पाण्याच्या पंपाला पिंपातून पाणी जोडावे, कारण त्याचे रबरी चाक कोरडे फिरले तर थोड्याच वेळात फाटते. बोटीवर चढल्यानंतर साधारण 25 तासांनी टॅपेटचा गाळा पुन्हा तपासावा आणि तेलाचा फिल्टर कापून त्यात लोखंडाचा कीस आहे का ते पाहावे. रेवदंड्यापर्यंतची ही दुसरी खेप पहिल्याच मजुरीत धरून दर सांगावा.