पिरंगुट ते नागपूर : अंतर तासांत मोजायचं

माझं घर मुळशी तालुक्यात पिरंगुटला, आई-बाबा नागपुरात. हिंजवडी, माण, मारुंजीच्या पट्ट्यात नोकरीसाठी आलेल्या विदर्भातल्या हजारो मंडळींसारखीच माझीही वर्षानुवर्षं ये-जा चालू आहे. त्यातून शिकलेलं हे थोडं.

१. किती किलोमीटर, हे विचारण्याआधी कशाने जायचं ते ठरवा. पुणे ते नागपूर रस्त्याने सातशेच्या आसपास, रेल्वेने ८८१ किलोमीटर. रेल्वे आधी दौंडला जाते, तिथून अहिल्यानगरमार्गे मनमाडपर्यंत वर चढते आणि मग भुसावळ, अकोला, वर्धा करत पूर्वेला निघते. विमानाला दीड तासही लागत नाही.

२. वेळ घराच्या दारापासून मोजा. मुळशी पुण्याच्या पश्चिमेला. लोहगाव विमानतळ आणि नगर रस्ता पूर्वेला. म्हणजे नागपूरच्या वाटेला लागण्याआधी अख्खं पुणे ओलांडायचं. संध्याकाळी चांदणी चौकात अडकलो, की लोहगावला पोचायला विमानाच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ जातो. गाडीने जायचं तर पहाटे पाचच्या आत निघावं.

३. समृद्धी महामार्ग फक्त पुढचा वेळ वाचवतो. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आम्ही पुणेकर त्यावर चढतो ते छत्रपती संभाजीनगरला. तिथपर्यंतचे अडीचशे आणि पुढचे साडेचारशे किलोमीटर जवळपास सारखाच वेळ खातात.

४. सरळ रस्त्यावर जास्त सावध राहा. ताम्हिणी घाटात वळणंच माणसाला जागं ठेवतात. समृद्धीवर ताशी १२०च्या मर्यादेत तासन्‌तास एकसारखं चालवताना डोळे उघडे राहतात, पण लक्ष सुटतं. चढण्याआधी टायरमधली हवा तपासायची आणि दर दोन तासांनी थांबायचंच.

५. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बर्थ शोधण्याआधी बाहेर पडायची खिडकी शोधा. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. काच फोडून बाहेर पडलेले वाचले. तेव्हापासून हातोडी जागेवर आहे का, हे पाहिल्याशिवाय मी पांघरूण घेत नाही.

६. दिवाळीचं तिकीट नवरात्रीच्या आधीच काढा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि रात्रीच्या गाड्या बघता बघता भरतात. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत आहे. बारा तास लागतात, पण त्याच दिवशी पोचता येतं.

७. घरच्यांना वेळ सांगू नका, गाव सांगा. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंश, त्यामुळे तिथे सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. "अंधार पडला, कुठवर आला रे?" असा आईचा फोन येतो तेव्हा मागे पिरंगुटात अजून उजेड असतो. "कारंज्याला आलो" म्हटलं की तिला बरोब्बर अंदाज येतो.

८. आई-बाबा थकले असतील तर अवेळी फोन आल्यावर कशाने निघायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आणि त्यांच्या घराची एक किल्ली शेजारी द्या. आमची शेजारच्या काकूंकडे असते. मी कशानेही निघालो तरी आधी त्याच पोचणार.