मूळ संहितेतून स्विच

ओपन व्ही-स्विच हा लोखंडी पेटीतला नव्हे. एका यंत्रावरील आभासी संगणक जोडणारा, स्वतःही आभासीच. प्रकाशित आवृत्तीची संहिता उतरवून कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या आज्ञा क्रमाने द्याव्यात. येथवर सोपे. कलबुर्गीच्या उन्हाळ्यातली माझी एक दुपार मात्र पुढे गेली. स्विच चालू केला, तो नुसता वाट पाहत बसला! त्याची नोंदवही मी उघडलीच नव्हती. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे शोभले नाही; खाते मराठीत खातेच, कन्नडातही खातेच. आधी ओव्हीएसडीबी-टूलने कोरी वही करावी, मग ओव्हीएसडीबी-सर्व्हर चालवावा, नंतर ओव्हीएस-व्हीस्विचडी. जुन्या पुस्तिकांतील कर्नेल-मोड्यूल बांधण्याची पायरी गाळावी: ते 2012 पासून लिनक्समध्येच आहे, 2022 च्या 3.0 आवृत्तीत ते या संहितेतून काढले.