फोन तोच, सोय नाही

युरोपात २७ देशांचा एक संघ आहे. त्याने २०२२ साली कायदा केला. बड्या कंपनीचा फोन घेतला, म्हणजे घड्याळही तिचेच घ्यावे लागू नये. दुसऱ्याचे घड्याळही फोनशी जुळले पाहिजे.

२०२४ साली ॲपल कंपनीने नवी सोय काढली. खिशातला फोन संगणकाच्या पडद्यावर दिसू लागला! पण युरोपातल्या गिऱ्हाइकांना ती दिली नाही. का बरे? कंपनी म्हणाली, या कायद्याने लोकांची खाजगी माहिती धोक्यात येईल. कायद्यात तर ‘ही सोय देऊ नका’ असे कुठेच नव्हते. पॅरिसच्या माणसाने पैसे पुरे मोजले, फोन मात्र अपुरा मिळाला.

याच संघाने चार्जरचाही कायदा केला. तो मात्र कंपनीने पाळला. म्हणून २०२३ पासूनचे तिचे नवे फोन आपल्याकडेही इतर फोनांच्या चार्जरवर चालतात.