कोस्टा रिका : सैन्य नाकारणाऱ्या देशाचा इतिहास आणि लोकजीवन

उत्तर व दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या भूमीच्या चिंचोळ्या पट्टीला मध्य अमेरिका म्हणतात. या पट्टीवर, उत्तरेस निकाराग्वा आणि आग्नेयेस पनामा यांच्यामध्ये, कोस्टा रिका हा स्पॅनिशभाषक देश वसला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडी अधिक. पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला पॅसिफिक महासागर, मध्ये ज्वालामुखींची रांग आणि तिच्या कुशीत समशीतोष्ण हवेचे मध्य खोरे. राजधानी सान होसे याच खोऱ्यात असून देशातील निम्म्याहून अधिक लोक या खोऱ्यात राहतात.

या देशाचा अभ्यास दोन प्रश्नांसाठी करावा. साधनसंपत्ती मर्यादित असलेल्या देशाने आपला पैसा प्रथम कशावर खर्च करावा? आणि समतेचे वचन देणारे राज्य आपल्या सर्व माणसांना त्या वचनात धरते काय?

वसाहतीपासून स्वातंत्र्यापर्यंत

१५०२ मध्ये कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत या किनाऱ्यावर उतरला. कोस्टा रिका या नावाचा अर्थ ‘श्रीमंत किनारा’. परंतु स्पॅनिश विजेत्यांना येथे अपेक्षेइतके सोने मिळाले नाही. मूळ रहिवासी मात्र रोगराई, युद्धे आणि सक्तीची मजुरी यांमुळे मोठ्या संख्येने नष्ट झाले. मुख्य सत्ताकेंद्रापासून दूर असा हा गरीब प्रांत दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमालात स्वातंत्र्याची घोषणा झाली. ती वार्ता तत्कालीन राजधानी कार्तागो येथे पोहोचण्यास जवळजवळ एक महिना लागला.

एकोणिसाव्या शतकात कॉफीने देशाचे अर्थकारण बदलले. मध्य खोऱ्यात असंख्य लहान शेतकरी कॉफी पिकवू लागले. तथापि प्रक्रिया, पतपुरवठा आणि निर्यात ही सूत्रे मूठभर श्रीमंत घराण्यांच्या हाती होती. कॉफीची पोती बैलगाड्यांतून पुंतारेनास बंदरापर्यंत जात. पुढे या गाड्यांची चाके रंगीत नक्षीने सजवण्याची कला बहरली आणि सार्ची हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध झाले.

याच शतकातील आणखी एक निर्णय दूरगामी ठरला. १८६९ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले आणि १८८६ मध्ये माउरो फर्नांदेस या मंत्र्याने सार्वजनिक शिक्षणाची नवी व्यवस्था घातली. कॉफीच्या उत्पन्नातला काही वाटा अशा रीतीने शाळेपर्यंत आला.

१९४८ : गृहयुद्ध आणि एक निर्णय

१९४० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांनी कामगारांसाठी सामाजिक विमा सुरू केला आणि १९४३ मध्ये कामगार संहिता आणली. १९४८ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार ओतिलिओ उलाते विजयी घोषित झाले, परंतु संसदेने ती निवडणूक रद्द ठरवली. त्यातून उसळलेले गृहयुद्ध सुमारे सहा आठवडे चालले. होसे फिगेरेस यांच्या नेतृत्वाखालील बंडखोर विजयी झाले.

१ डिसेंबर १९४८ रोजी फिगेरेस यांनी सान होसे येथील बेल्याविस्ता या लष्करी किल्ल्याच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला, सैन्य बरखास्त केल्याची घोषणा केली आणि ती वास्तू संग्रहालयासाठी शिक्षण खात्याकडे सोपवली. आज तेथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. या निर्णयामागे केवळ आदर्शवाद होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जे सैन्य एका सरकारच्या आज्ञेत असते, ते उद्या दुसऱ्यावर उलटू शकते, हे व्यावहारिक गणितही त्यात होते. त्याच महिन्यात निकाराग्वाच्या बाजूने पराभूत गटाने आक्रमण केले; अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेच्या मध्यस्थीने ते निवळले. तरीही निर्णय मागे घेतला गेला नाही.

७ नोव्हेंबर १९४९ रोजी नवे संविधान संमत झाले. त्याच्या बाराव्या कलमाने कायमस्वरूपी सैन्यास मनाई केली. स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९५० मध्ये त्यांनी प्रथम मतदान केले. याच महिन्याच्या २६ तारखेला भारताच्या संविधान सभेने आपले संविधान स्वीकारले, हा कालयोग इतिहासाच्या अभ्यासकास विचारप्रवृत्त करणारा आहे.

दोन गोष्टी विशेष नोंदवाव्यात. विजेत्यांनी पराभूत काल्देरोन यांचा सामाजिक विमा आणि कामगार संहिता मोडली नाही, तर पुढे चालवली. मात्र त्याच विजेत्यांनी काल्देरोन यांच्या मित्रपक्षावर, म्हणजे साम्यवाद्यांवर, बंदी घातली आणि ती अनेक वर्षे टिकली.

लिमोनची माणसे

या उजळ चित्राची दुसरी बाजू पूर्व किनाऱ्यावरील लिमोन प्रांतात दिसते. कॉफी अटलांटिककडे नेणारा लोहमार्ग बांधण्यासाठी जमैकातून हजारो कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. १८९० मध्ये मार्ग पूर्ण झाला. त्याच मजुरांच्या घामावर केळीचे मळे उभे राहिले आणि १८९९ मध्ये स्थापन झालेली युनायटेड फ्रूट कंपनी बलाढ्य झाली. पुढे पिकावरील रोगामुळे कंपनीने आपले मळे पॅसिफिक किनाऱ्याकडे हलवले, तेव्हा १९३४ च्या कायद्याने तेथे कृष्णवर्णीयांना कामावर घेण्यास मनाई केली. याच भूमीत जन्मलेल्या अनेकांना नागरिकत्वही नव्हते.

१९४९ नंतर ही बंधने दूर झाली आणि १९५३ मध्ये आलेक्स कर्लिंग हे पहिले कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी संसदेत गेले. एप्सी कॅम्पबेल या कृष्णवर्णीय स्त्रीस उपराष्ट्राध्यक्षपद मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. ब्रिब्री, काबेकार इत्यादी आदिवासींपैकी अनेकांच्या हाती नागरिकत्वाचे ओळखपत्र १९९० च्या दशकात पडले. हा देश बहुवांशिक व बहुसांस्कृतिक आहे, हे संविधानात २०१५ मध्ये लिहिले गेले. ज्या देशाने शस्त्रे खाली ठेवण्यास विलंब केला नाही, त्याने आपल्याच माणसांना ओळखण्यास इतका काळ घ्यावा, हे विसरता येणार नाही.

लोकजीवन

येथील लोक स्वतःस ‘तिको’ म्हणवतात. सकाळच्या न्याहारीला भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेला ‘गाल्यो पिंतो’ असतो. दुपारच्या ताटात भात, घेवडा, भाजी, तळलेली केळी आणि मांस वा मासळी. लिमोनमध्ये हाच भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजतो. आपल्या ‘अहो-जाहो’सारखे ‘उस्तेद’ हे आदरार्थी संबोधन येथे घरातल्या माणसांशी, लहान मुलांशीही वापरतात. ‘पुरा विदा’, म्हणजे ‘निर्मळ जीवन’, हे शब्द अभिवादन, आभार आणि निरोप या सर्वांसाठी चालतात. पत्ता सांगताना घरक्रमांकाऐवजी चर्चपासून किंवा एखाद्या परिचित खुणेपासून किती मीटर कोणत्या दिशेला, असे सांगण्याची रीत आहे. ब्रिब्री समाजात कुळ आईकडून चालते. १४ सप्टेंबरच्या संध्याकाळी शाळकरी मुले हातांत कंदील घेऊन स्वातंत्र्याची मिरवणूक काढतात.

सरासरी आयुर्मान ऐंशी वर्षांच्या आसपास आहे. गावोगावच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा त्यात मोठा वाटा आहे. एकेकाळी झपाट्याने तुटलेले जंगल आज पुन्हा निम्म्याहून अधिक भूभागावर पसरले आहे. १९९६ च्या कायद्यानुसार जंगल राखणाऱ्या शेतकऱ्यास इंधनकरातून मोबदला मिळतो.

आजची कसोटी

परंतु येथेही स्वप्न पूर्ण झालेले नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान आठ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे संविधानाचे बंधन असूनही सरकारांनी ते पाळलेले नाही. विषमता मोठी आहे; अमली पदार्थांच्या व्यापारामुळे अलीकडे खुनांचे प्रमाण वाढले आहे, आणि त्याची सर्वाधिक झळ लिमोनसारख्या वंचित भागास बसते.

यातून मिळणारा बोध साधा आहे. सैन्य बरखास्त करण्यास एक दिवस पुरला. शाळा आणि दवाखाना गावात टिकवण्यासाठी प्रत्येक वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्याने झगडावे लागते. आणि संविधानातील अक्षरे लिमोनच्या मजुराच्या दारी पोहोचली ती आपोआप नव्हे. त्या माणसांनी शिकून, संघटित होऊन ती मागितली, म्हणून. शिकलेल्या पिढीने आपल्या गावच्या शाळेवर किती खर्च होतो आणि तेथे कोणाचे मूल अजून पोहोचलेले नाही, हे दरवर्षी विचारत राहिले पाहिजे.