रुमानियन लोकांचा वारसा : भिंतीवरील शास्त्र आणि अंगणांतील दास

युरोप खंडाच्या आग्नेय भागांत रुमानिया नांवाचा देश आहे. २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणें त्याची लोकवस्ती सुमारें १ कोटी ९० लक्ष होती. ह्या दूरच्या लोकांशीं आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर हें कीं, जो प्रश्न आमच्या मंडळ्यांपुढें वारंवार येतो, तोच ह्या लोकांपुढें शतकानुशतकें होता : देवाचें वचन कोणत्या भाषेंत ऐकावें, आणि त्याची स्तुति कोणत्या वाद्यांनीं करावी? दुसरा एक प्रश्न याहूनही कठीण आहे. आपल्या वारशाचा अभिमान धरतांना, त्याचा भार कोणाच्या पाठीवर होता हें आपण पाहतों काय? पाठास आरंभ करण्यापूर्वीं वर्गानें प्रेषितांचीं कृत्यें अध्याय २, वचनें ५ ते ११, आणि प्रकटीकरण अध्याय २०, वचनें ११ ते १३, हीं मोठ्यानें वाचावीं.

१. देश व भाषा

रुमानियाच्या मध्यभागीं कार्पाथी पर्वतांची रांग धनुष्याप्रमाणें वळलेली आहे. तिच्या उतारांवर दाट अरण्यें असून त्यांत अस्वलें व लांडगे अद्याप राहतात. मेंढपाळ उन्हाळ्यांत कळप घेऊन वरच्या कुरणांत चढतात व थंडी पडण्यापूर्वीं खालीं उतरतात. दक्षिणेच्या सीमेवरून डान्यूब नदी वाहते. जर्मनींत उगम पावून, सुमारें २,८५० किलोमीटर चालून, ती तीन मुख्य फांट्यांनीं काळ्या समुद्रास मिळते. तेथें गाळानें झालेल्या सखल प्रदेशांत बोरूचीं अफाट बनें आहेत. ३०० हून अधिक जातींचे पक्षी तेथें आढळतात. चोचीखालीं पिशवी असलेले पेलिकन पक्षी तेथें थव्यांनीं येतात. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें १९९१ सालीं ह्या प्रदेशाची गणना सर्व जगाच्या वारशांत केली.

इ.स. १०६ मध्यें रोमी बादशहा त्रायान यानें हा देश जिंकला. त्या वेळीं त्याचें नांव दाकिया असें होतें. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत रोमी सैन्य परत गेलें, परंतु लॅटिन भाषेचें बीं मागें राहिलें. पुढें सभोंवार स्लाव व हंगेरी लोकांची वस्ती झाली. त्यांचे पुष्कळ शब्द भाषेंत मिसळले. तरी मूळ धागा तुटला नाहीं. आजही रुमानियन मनुष्य देवास 'दुम्नेझेउ' म्हणतो. हा शब्द 'प्रभु देव' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून झाला आहे.

परंतु एक मोठी अडचण होती. घरांत, शेतांत व बाजारांत लोक रुमानियन बोलत, आणि मंदिरांत उपासना चाले ती जुन्या स्लाव भाषेंत. पुरोहित वाची, लोक उभे राहून ऐकत; पण साध्या कुणब्यास त्यांतील फारच थोडें कळे.

२. भिंतीवरील शास्त्र

देशाच्या ईशान्येस मोल्दाव्हिया नांवाचें संस्थान होतें. तेथील राजा थोरला श्तेफान यानें १४८८ सालीं वोरोनेत्स येथें मठाचें मंदिर बांधिलें. तें काम चार महिन्यांच्या आंत पुरें झालें असें शिलालेखावरून कळतें. पुढें १५४७ सालीं मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरही शास्त्रांतील चित्रें काढण्यांत आलीं. हुमोर, मोल्दोवित्सा व सुचेवित्सा येथील मंदिरांच्या भिंतीही अशाच आंतून व बाहेरून रंगविलेल्या आहेत.

ही रीत समजण्यासारखी आहे. कारागीर भिंतीस चुन्याचा गिलावा करी व तो ओला असतांनाच त्यावर रंग देई. गिलावा वाळतांना रंग त्यांत मुरून एकजीव होई. वरून छपराच्या रुंद वळचणी उतरत्या काढलेल्या असत. म्हणून ऊन, हिंव व पाऊस सोसूनही हीं चित्रें सुमारें पावणेपांचशें वर्षें टिकलीं आहेत. उत्तरेकडील भिंतींवर मात्र वाऱ्यापावसाचा मारा अधिक, त्यामुळें तेथील चित्रें बरीच झिजलीं आहेत. वोरोनेत्सचा गडद निळा रंग तर इतका प्रसिद्ध आहे कीं, त्यास त्या गांवाचेंच नांव पडलें आहे.

वोरोनेत्सची पश्चिमेकडील सबंध भिंत शेवटच्या न्यायाच्या चित्रानें भरलेली आहे. वर देवदूत आकाशाची गुंडाळी करीत आहेत. ख्रिस्त न्यायासनावर बसला आहे. त्याच्या पायांपासून अग्नीची नदी खालीं वाहत आहे. थडगीं उघडत आहेत, समुद्र आपल्यांतील मेलेले परत देत आहे, आणि रानचे पशु आपण खाल्लेल्या मनुष्यांचे अवयव तोंडांत धरून परत आणीत आहेत. हरणाजवळ मात्र परत देण्यास कांहीं नाहीं, कारण लोकांच्या समजुतीप्रमाणें तो प्राणी निष्पाप आहे. निरक्षर मेंढपाळास हें सांगण्यास ग्रंथाची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चित्रांतील देवदूत जें शिंग फुंकतात, तें कार्पाथी पर्वतांतील मेंढपाळांचें लांब लांकडी शिंग 'बुचुम' होय. आणि दावीद राजा जें वाद्य वाजवितो, तें त्याच देशांतील 'कोब्झा' नांवाचें तंतुवाद्य आहे. चित्रकाराचा भाव असा असावा कीं, देवाचा दूत येईल तेव्हां तो आमच्या ओळखीच्या स्वरानें हांक मारील. आम्ही चित्रांस नमन करीत नाहीं, व तसें करण्यास कोणास सांगतही नाहीं. परंतु देवाचें वचन लोकांच्या डोळ्यांपुढें, त्यांच्या परिचयाच्या रूपानें मांडावें, ही त्या कारागिरांची तळमळ आम्हांस आदरणीय वाटते.

३. मातृभाषेंतील शास्त्र

भिंतीनें आरंभ केला तरी भिंतीवर सर्व मावत नाहीं. रुमानियन भाषेंतील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेख म्हणजे १५२१ सालचें एक साधें पत्र आहे. तें न्याक्शु नांवाच्या व्यापाऱ्यानें ब्राशोव नगराच्या मुख्याधिकाऱ्यास तुर्कांच्या हालचालींची सूचना देण्यासाठीं लिहिलें. त्यानंतर ४० वर्षांनीं, म्हणजे १५६१ सालीं, त्याच ब्राशोव नगरांत कोरेसी नांवाच्या सेवकानें चारही शुभवर्तमानें रुमानियन भाषेंत छापून काढिलीं. १६४८ सालीं आल्बा यूलिया येथें सबंध नवा करार निघाला, आणि १६८८ सालीं बुखारेस्त येथें संपूर्ण पवित्र शास्त्र छापलें गेलें.

१६४८ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेंत धर्माध्यक्ष सिमिओन श्तेफान यांनीं एक विचार मांडला आहे, तो प्रत्येक उपदेशकानें मनांत ठेवावा. ते म्हणतात कीं, शब्द हे नाण्यांसारखे असावे. जें नाणें सर्व प्रांतांत चालतें तें चांगलें, व जो शब्द सर्वांस समजतो तोही चांगला. रुमानियन लोक तेव्हां निरनिराळ्या संस्थानांत विभागलेले होते. त्या सर्वांस कळेल असें भाषांतर करण्याची त्यांची खटपट होती. ज्या उपदेशकाचे शब्द विद्यालयाच्या आवाराबाहेर चालत नाहींत, त्याची थैली भरलेली असली तरी बाजारांत ती रिकामीच.

गीतांविषयींही असेंच आहे. ख्रिस्तजन्माच्या सणांत रुमानियन खेड्यांतील तरुणांचे मेळे घरोघर जाऊन 'कोलिंदे' नांवाचीं गीतें गातात. त्यांत तारणाऱ्याचा जन्म आहे, आणि घरधन्यास, मेंढपाळास व अविवाहित मुलीस आशीर्वादही आहेत. घरधनी त्यांस कड्याच्या आकाराची पोळी, आक्रोड, सफरचंदें असें कांहीं देतो. २०१३ सालीं ह्या रीतीचाही समावेश युनेस्कोनें जगाच्या वारशांत केला.

४. अंगणांतील दास

येथवर सांगितलेलें ऐकून मन प्रसन्न होतें. परंतु सत्य अर्धें सांगणें हें उपदेशकास शोभत नाहीं.

वोरोनेत्सच्या भिंतीवर न्यायाची वाट पाहत उभ्या असलेल्या परक्यांचे घोळके आहेत : तुर्क, तातार, आर्मेनी व यहूदी, प्रत्येक आपापल्या पोशाखांत. पण ज्या काळीं हीं चित्रें निघालीं, त्या काळीं मोल्दाव्हिया व वालाकिया ह्या संस्थानांत राजे, जमीनदार व मठ हे सर्व रोमा लोकांस दास म्हणून बाळगीत. १३८५ सालच्या एका लेखांत वालाकियांतील तिस्माना मठाकडे अशीं ४० कुटुंबें असल्याची नोंद आहे. दासांची खरेदीविक्री होई, ते दान दिले जात, व लेकरें आईबापांपासून तोडलीं जात. मिहाइल कोगाल्निचेआनु हे पुढें प्रसिद्धीस आलेले मुत्सद्दी; त्यांनीं उतारवयांत सांगितलें कीं, आपण लहानपणीं याश नगराच्या रस्त्यांत हातापायांत बेड्या व गळ्यांत लोखंडी कडीं घातलेले दास पाहिले होते. मोल्दाव्हियांतील मठांचे दास १८४४ सालीं व वालाकियांतील १८४७ सालीं मुक्त झाले. जमीनदारांचे दास अनुक्रमें १८५५ व १८५६ सालीं सुटले. ४५० हून अधिक वर्षें ख्रिस्ती लोकांच्या अंगणांत ख्रिस्ती लोकांनीं मनुष्यें विकलीं. कायद्यानें बेडी तुटली तरी तिरस्कार गेला नाहीं. १९४२ सालीं तेथील सरकारनें सुमारें २५,००० रोमा लोकांस देशाच्या पूर्वेस हांकून दिलें, व त्यांपैकीं सुमारें ११,००० भुकेनें, थंडीनें व रोगानें मेले.

हे रोमा लोक कोण? त्यांचे पूर्वज सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं आमच्याच हिंदुस्थानांतून पश्चिमेस गेले. त्यांची भाषा याची साक्ष देते. ते पाण्यास 'पानी' म्हणतात, नाकास 'नाख', कानास 'कान', काळ्यास 'कालो'. आणि मनुष्यास ते 'मनुश' म्हणतात. कायद्यानें ज्यांस मालमत्ता ठरविलें, त्यांनीं मनुष्य हा शब्द आपल्याबरोबर जपून नेला होता.

आतां नवल हें कीं, ज्या संगीताचा रुमानियन लोक अभिमान बाळगतात, तें लग्नांत व सणांत वाजवून पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवणारे वाजंत्री, ज्यांस तेथें 'लाउतार' म्हणतात, ते बहुतेक ह्याच रोमा लोकांपैकीं होते. भिंतीवर कोब्झा दाविदाच्या हातांत होता. धन्याच्या वाड्यांत तेंच वाद्य दासाच्या हातांत होतें. धन्यानें त्याचा स्वर घेतला, पण त्यास आपल्या पंगतीस घेतलें नाहीं.

५. आम्हांस बोध

यांतून आम्ही दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, ख्रिस्ताचा स्वीकार करणें म्हणजे आपल्या मायबोलीचा त्याग करणें नव्हे. पेन्टेकॉस्टच्या दिवशीं पवित्र आत्म्यानें सर्वांस एक परकी भाषा शिकविली नाहीं. प्रत्येकास आपापल्या भाषेंत ऐकूं दिलें. नारायण वामन टिळक यांनीं मराठी भजनांस व कीर्तनास उपासनेंत मान दिला तो याच जाणिवेनें. ज्या मंडळींत टाळ व मृदंग अजून संकोचानें दाराबाहेर ठेवले जातात, तेथील पंचांनीं बुचुम फुंकणाऱ्या देवदूताचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. आमच्या मंडळींतील पुष्कळांचे आजेपणजे गांवच्या वेशीबाहेर राहत. ज्यांचा स्वर गांवास हवा होता पण ज्यांचा स्पर्श नको होता, असे वाजंत्रीही त्यांत होते. म्हणून रोमा लोकांची कथा आम्हांस सांगितल्याबरोबर कळते. परंतु आम्ही केवळ फिर्यादी म्हणून न्यायासनापुढें उभे राहूं असें समजूं नये. आपल्याहून नव्यानें आलेल्या, आपल्याहून गरीब, किंवा दुसऱ्या जातींतून आलेल्या भावास आम्ही चटईवर आपल्या शेजारीं बसवितों काय? प्रभुभोजनाचा एकच प्याला घेऊन घरीं परतल्यावर आम्ही त्याच्या हातचें पाणी पितों काय? भिंतीवर दुसऱ्याचा न्याय रंगविणें सोपें. अंगणांत आपला हिशेब मांडणें कठीण. समुद्र आपल्यांतील मेलेले परत देईल त्या दिवशीं आम्हांसही आमच्याजवळ असलेलें दुसऱ्याचें परत द्यावें लागेल. तें आजच दिलें तर बरें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. रुमानियन लोकांस मंदिरांतील भाषा कळत नसे तेव्हां कारागिरांनीं काय उपाय केला? आमच्या उपदेशांत न कळणारे शब्द कोणते, त्यांची यादी करा.

२. शब्द नाण्यांसारखे असावे, याचा अर्थ काय?

३. मठाच्या भिंतीवर न्यायाचें चित्र असूनही मठांत दास राहिले, हें कसें घडलें असावें?

४. आमच्या मंडळींत कोणाचें श्रम आम्ही घेतों, पण त्यास मान देत नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें देऊं नये. प्रत्येकानें प्रार्थनेंत द्यावें, व रविवारच्या आंत त्याप्रमाणें वागावें.